विश्लेषण : फिशरवर कोणते मलम? बधिर करणारे की स्नायू सैल करणारे?

मेडिकलमधली गर्दी ओसरेपर्यंत रेंगाळायचे, मग काउंटरवर वाकून हळू आवाजात ‘मूळव्याधीचे मलम द्या’ म्हणायचे आणि मिळेल ती ट्यूब खिशात घालून निघायचे. अनेकांचा उपचार इथे सुरू होतो आणि इथेच संपतो. पण शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखी कळ, नंतर तास-दोन तास होणारी आग आणि लालभडक रक्ताचे दोन-चार थेंब अशी तक्रार असेल, तर ती बहुतेकदा मूळव्याध नसते, फिशर असते. फिशरच्या नावाने विकली जाणारी मलमे दिसायला सारखी असली तरी त्यांची कामे वेगवेगळी आहेत. एक फक्त बधिर करते, दुसरे सूज उतरवते, तिसरे स्नायू सैल करते. यातले कोणते कधी उपयोगी आणि ट्यूब घेण्याआधी काय करून पाहायचे, ते समजून घेऊ.

फिशर म्हणजे काय? मूळव्याधीपेक्षा वेगळे कसे?

गुदद्वाराच्या तोंडाशी असलेल्या नाजूक त्वचेला पडलेली उभी चीर म्हणजे फिशर. कारण बहुतेकदा कडक, जाड मल. कधी सततचे जुलाब, कधी बाळंतपण. मूळव्याध म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकणे. आतल्या मूळव्याधीत रक्त जाते, पण सहसा दुखत नाही. फिशरमध्ये उलट. रक्त थोडे, दुखणे फार. आयुर्वेदात याला ‘परिकर्तिका’ म्हणतात. कात्रीने कातरल्यासारखी वेदना, असा त्या नावाचा अर्थ. ज्याने हे दुखणे सोसले आहे त्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चीर सहा आठवड्यांच्या आतली असेल तर तिला तीव्र म्हणजे ताजे फिशर म्हणतात. त्यापुढे टिकली तर ती जुनी. जुन्या चिरेच्या कडा जाड होतात, बाहेरच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब येतो. हा कोंब हाताला लागला की लोक ‘मोड आला’ म्हणतात आणि पुन्हा मूळव्याधीचेच औषध सुरू होते. या लेखातली बहुतेक चर्चा ताज्या फिशरची आहे, कारण योग्य गोष्टी वेळेवर केल्या तर ते बरे होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

एवढीशी चीर, मग भरत का नाही?

ओठ फुटला तर चार दिवसांत भरतो. इथली चीर आठवडेच्या आठवडे राहते. याचे कारण तिच्या खाली असलेला स्नायू. गुदद्वाराला दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो, आतला नसतो. हा आतला स्नायू चोवीस तास आपोआप आवळलेला राहतो, म्हणून आपल्याला त्याची आठवण ठेवावी लागत नाही. चीर पडली आणि दुखले की हा स्नायू आणखी आवळतो. आवळला की त्वचेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त कमी पोहोचले की चीर भरत नाही. चीर राहिली की पुढच्या वेळी पुन्हा दुखते. त्या भीतीने माणूस शौच टाळतो, मल आणखी कडक होतो, आणि चीर पुन्हा उघडते.

इंजिनिअरिंगच्या वर्गात याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. बिघाडच बिघाडाला खतपाणी घालतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात लेझर वापरून इथला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा दिसले की मागच्या बाजूला, बरोबर मध्यरेषेवर तो मुळातच सर्वात कमी असतो आणि स्नायूचा दाब वाढला की आणखी घटतो. बहुसंख्य फिशर नेमके त्याच जागी होतात, हा योगायोग नाही.

म्हणून कोणतेही मलम हातात आले की एकच प्रश्न विचारावा : हे या चक्राची कोणती कडी तोडते?

काउंटरवर मिळणाऱ्या मलमात काय असते?

ब्रँडची नावे इथे मुद्दाम देत नाही. एकाच नावाखाली क्रीम, मलम, जेल असे प्रकार असतात आणि घटक बदलतात. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचणे हाच खरा उपाय. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

बहुतेक ट्यूबमध्ये पहिले नाव असते लिग्नोकेन किंवा लिडोकेन. दोन्ही एकच. दात काढताना हिरडीत देतात तेच भूल देणारे औषध. ते वेदनेची कडी तोडते, पण काही वेळापुरतीच. स्नायूच्या मूळ ताणावर त्याचा फारसा परिणाम नाही. तरी ते निरुपयोगी आहे असे नाही. शौचाला जाण्याआधी थोडे लावले तर भीती कमी होते आणि शौच टाळले जात नाही. दिवसभर थर चढवत राहणे मात्र बरोबर नाही. त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि अति प्रमाणात ते अंगात शोषलेही जाते.

दुसरा घटक स्टिरॉइड. हायड्रोकॉर्टिसोन किंवा बेक्लोमेथासोन. सूज आणि खाज उतरते. काही दिवस ठीक. महिनोन्महिने लावल्यास तिथली आधीच नाजूक असलेली त्वचा पातळ होते. चीर भरायची आहे तिथे त्वचा पातळ करून कसे चालेल?

तिसरा घटक आहे फिनाइलएफ्रिन, आणि इथे जरा थांबायला हवे. हे औषध रक्तवाहिन्या आकुंचित करते. फुगलेल्या मूळव्याधीत त्याला अर्थ आहे. पण फिशरमध्ये मुळात रक्त कमी पोहोचते हीच अडचण आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात ज्यांना मलावर ताबा राहत नाही अशा रुग्णांसाठी १० टक्के फिनाइलएफ्रिनचे जेल वापरून पाहण्यात आले होते. उद्देश होता आतला स्नायू आवळण्याचा. मूळव्याधीच्या मलमात याचे प्रमाण त्यापेक्षा खूपच कमी असते, त्यामुळे तेवढा परिणाम होईल असे नाही. तरी ज्या दिशेला जायचे आहे त्याच्या उलट दिशेचा घटक फिशरवर का लावावा, हा प्रश्न उरतोच.

साध्या शेकाने मलमांना मागे टाकले तेव्हा...

१९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच ताजे फिशर झालेल्या शंभरेक रुग्णांचे तीन गट केले. एकाला लिग्नोकेनचे मलम, दुसऱ्याला हायड्रोकॉर्टिसोनचे मलम. तिसऱ्या गटाला मलमच नाही. फक्त कोमट पाण्यात बसायचे आणि आहारात कच्चा कोंडा घ्यायचा.

तीन आठवड्यांनी लिग्नोकेनच्या गटात ६० टक्के जणांची चीर भरली होती. हायड्रोकॉर्टिसोनच्या गटात सुमारे ८२ टक्के. आणि शेक-कोंडा गटात ८७ टक्के. नुसते भरण्याचेच नाही, पहिल्या दोन आठवड्यांत त्रास कमी होण्यातही तिसरा गट पुढे होता. म्हणजे ज्या मलमाचे कामच वेदना मारणे, त्याच्यापेक्षा टबातले पाणी आणि कोंडा यांनी जास्त आराम दिला.

प्रयोग लहान होता आणि जुना आहे. प्रत्यक्षात सगळ्यांना एवढे यश मिळत नाही. शेक आणि तंतुमय आहारावर साधारण निम्मे ताजे फिशर बरे होतात, असे शल्यविशारदांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही पहिली पायरी म्हणून याच दोन गोष्टी आजही सांगितल्या जातात. कारण चक्राच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब सरळ आहे. कोमट पाण्याने स्नायू सैल होतो, कोंड्याने मल मऊ होतो. एकदम दोन कड्या तुटतात. बधिर करणाऱ्या मलमाने एक, तीही तात्पुरती.

स्नायू सैल करणारी मलमे कोणती?

शेक आणि आहाराने भागत नसेल तर खऱ्या अर्थाने ‘फिशरची’ म्हणावीत अशी तीन औषधे आहेत. तिघेही मूळचे हृदयविकार आणि रक्तदाबाच्या दुनियेतले.

पहिले ग्लिसरिल ट्रायनायट्रेट, म्हणजेच नायट्रोग्लिसरीन. डायनामाइटमधला स्फोटक पदार्थ तोच. अंगात गेल्यावर त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि स्नायूला सैल होण्याचा निरोप मिळतो. नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचे काम करतो हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या आल्फ्रेड नोबेलने याच स्फोटकावर संपत्ती उभी केली, त्याच्याच नावाचे पारितोषिक! फिशरसाठी हे ०.२ ते ०.४ टक्के प्रमाणात मलमात मिसळतात. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ८० रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात आठ आठवड्यांत ६८ टक्के जुने फिशर भरले, तर औषध नसलेल्या मलमाने फक्त ८ टक्के. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

मग २००० मध्ये इटलीतल्या अनेक रुग्णालयांत मिळून अभ्यास झाला. त्यात औषधाचे मलम लावणारे निम्मे बरे झाले आणि औषध नसलेले मलम लावणारेही निम्मेच. एकच औषध, दोन देश, दोन टोके. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ७५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा चित्र स्थिरावले. नायट्रोग्लिसरीनने ४८.९ टक्के, औषधाविना ३५.५ टक्के. फायदा आहे, पण पहिल्या बातमीइतका नाही. शिवाय बरे झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढे पुन्हा त्रास झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये ०.४ टक्क्यांच्या मलमाला परवानगी दिली, तीही जुन्या फिशरचे मध्यम ते तीव्र दुखणे कमी करण्यासाठी.

याची मोठी अडचण डोकेदुखी. तिथल्या त्वचेतून औषध रक्तात शिरते आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावते. स्फोटकांच्या कारखान्यांतले कामगार शंभर वर्षांपूर्वी याच डोकेदुखीने हैराण असत. अभ्यासांनुसार तीनातल्या एकापासून ते निम्म्याहून अधिक रुग्णांना ती होते. काही जण त्यामुळे उपचारच सोडतात. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा : सिल्डेनाफिल किंवा त्या प्रकारच्या लैंगिक शक्तीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे मलम अजिबात लावू नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. डॉक्टर विचारतील तेव्हा लाजून ‘नाही’ म्हणणे इथे महागात पडू शकते.

दुसरे डिल्टियाझेम, २ टक्के. तिसरे निफेडिपिन, ०.२ ते ०.३ टक्के, भारतात बहुधा दीड टक्का लिग्नोकेनसोबत एकाच ट्यूबमध्ये. दोन्ही औषधे स्नायूच्या पेशींत जाणारे कॅल्शियम अडवतात. कॅल्शियम नाही तर आवळणे नाही. चीर भरण्यात ही दोन्ही नायट्रोग्लिसरीनच्या तोडीची ठरली आहेत, डोकेदुखी मात्र कमी. डिल्टियाझेमने काहींना खाज किंवा पुरळ येते.

ताज्या फिशरपुरते बोलायचे तर निफेडिपिनच्या बाजूने एक चांगला दाखला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात २८३ रुग्णांपैकी एका गटाला ०.२ टक्के निफेडिपिनचे जेल, दुसऱ्याला लिग्नोकेन आणि हायड्रोकॉर्टिसोन असलेले मलम दिले. २१ दिवसांनी पहिल्या गटात ९५ टक्के बरे, दुसऱ्यात ५०. हा दुसरा गट म्हणजे जवळपास आपल्या काउंटरवरची ट्यूब. पण या प्रयोगात निफेडिपिनची तुलना मलमाशी होती, शेक आणि कोंड्याशी नव्हती. ९५ विरुद्ध ८७ असे आकडे शेजारी मांडून निकाल लावता येत नाही. रुग्ण वेगळे, देश वेगळा, मोजण्याची पद्धत वेगळी.

मग घ्यायचे कोणते?

सगळे आकडे समोर ठेवल्यावर दिसणारा क्रम असा. चीर ताजी, पहिल्यांदाच झालेली आणि दुखणे सोसण्याजोगे असेल तर शेक, तंतुमय पदार्थ, भरपूर पाणी आणि शौचाआधी गरजेपुरते लिग्नोकेन. दुखणे असह्य असेल किंवा दोन आठवड्यांत ठळक फरक नसेल तर डॉक्टरांकडून डिल्टियाझेम किंवा निफेडिपिन. या दोघांत कोण सरस हे ठरवण्याइतके अंतर नाही. जे मिळते, परवडते आणि खाज आणत नाही ते चालेल. नायट्रोग्लिसरीन त्यानंतर. मूळव्याधीची मिश्र मलमे या क्रमात बसत नाहीत.

स्नायू सैल करणारी तिन्ही औषधे चिठ्ठीवरच घ्यावीत. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर चक्कर येऊ शकते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच्या मनाने यातले काहीही लावू नये. लहान मुलांना मोठ्यांची ट्यूब लावू नये. त्यांच्यात मल मऊ करणे हाच मुख्य उपचार असतो.

लावायचे कसे? कोपऱ्यातला महत्त्वाचा तपशील

ही औषधे लावण्याची पद्धत चुकली की दोष औषधाला जातो. वाटाण्याएवढे मलम, दिवसातून साधारण दोनदा, किंवा चिठ्ठीत असेल तसे. बोटाला प्लास्टिकचे आवरण किंवा हातमोजा घालून, गुदद्वाराच्या तोंडाशी आणि किंचित आत, अंदाजे एक सेंटिमीटर. खोल चिरेपर्यंत बोट घुसवण्याची गरज नाही, औषध त्वचेतून स्नायूपर्यंत पोहोचते. नायट्रोग्लिसरीन असेल तर आवरण विसरू नका, ते बोटातूनही शोषले जाते. लावल्यावर काही वेळ बसून किंवा पडून राहा.

आणि कोर्स पूर्ण करा. दुखणे आठवड्यात थांबते, चीर भरायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. डिल्टियाझेम साधारण सहा ते आठ आठवडे देतात. दुखायचे थांबले म्हणून ट्यूब फेकणारे महिनाभरात परत येतात.

शेकासाठी पसरट टब, कोमट पाणी, १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, त्यातला एक शौचानंतर. पाण्यात जंतुनाशक टाकायची गरज नाही, उलट चुरचुरते. चटका बसेल इतके गरम पाणीही नको.

चाळणीत उरतो त्या कोंड्याचे काय?

डेन्मार्कमध्येच १९८७ मध्ये पुढचा अभ्यास झाला. ज्यांचे ताजे फिशर बरे झाले होते त्यांना वर्षभर कोंडा दिला. दिवसातून तीनदा पाच-पाच ग्रॅम घेणाऱ्यांपैकी १६ टक्के जणांना पुन्हा फिशर झाले. कोंड्याऐवजी नुसते बिनकामाचे काही घेणाऱ्यांत ६८ टक्के. आणि निम्म्या मात्रेत, म्हणजे तीनदा अडीच ग्रॅम घेणाऱ्यांत ६० टक्के. अर्धवट कोंडा जवळजवळ कोंडा न खाण्यासारखाच ठरला.

आपल्याकडे गिरणीतून आलेले पीठ चाळून कोंडा गुरांना घालण्याची पद्धत आहे. पंधरा ग्रॅम म्हणजे फार नाही, पीठ न चाळता पोळ्या केल्या तर काही भाग तिथेच मिळतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, पेरू हे आहेच. नसेल जमत तर इसबगोल, पण पेलाभर पाण्यासोबत. कोरडे घेतले तर ते उलट अडकते. एकदम प्रमाण वाढवले की पोट फुगते, म्हणून आठवडाभरात हळूहळू वाढवा.

शौचाची कळ आली की टाळू नका, कुंथू नका आणि काम झाल्यावर मोबाइल घेऊन बसून राहू नका. (हा मजकूर तिथेच बसून वाचत असाल तर आवरा.)

मलमावर थांबू नये अशी लक्षणे कोणती?

सहा ते आठ आठवडे योग्य मलम लावूनही चीर भरत नसेल तर बोटॉक्सचे इंजेक्शन किंवा आतल्या स्नायूचा थोडा भाग कापण्याची छोटी शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. जुन्या फिशरमध्ये शस्त्रक्रियेचे यश कोणत्याही मलमापेक्षा बरेच जास्त, ९० टक्क्यांच्या पुढे आहे. मात्र वायू किंवा मलावरचा ताबा थोडा सैल होण्याचा धोका काही जणांत राहतो, म्हणून ती आधी करत नाहीत. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘एका दिवसात मूळव्याध, भगंदर, फिशर कायमचे बरे’ या जाहिरातींनी तिन्ही आजार एकाच पिशवीत घातलेले असतात. तपासणीआधीच उपचार ठरवणाऱ्याकडे जाऊ नये.

चीर मध्यरेषेवर नसून बाजूला असेल, एकापेक्षा जास्त असतील किंवा चीर असूनही दुखत नसेल, तर ती साधी नाही. त्यामागे क्रोन्स, क्षयरोग, एचआयव्ही किंवा कर्करोग असू शकतो. ताप, सूज, पू दिसला तर गळू असण्याची शक्यता असते, ते त्याच दिवशी दाखवावे. वजन घटणे, शौचाच्या सवयीत बदल, मलात मिसळलेले किंवा काळसर रक्त, आणि पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त जाणे यांपैकी काहीही असेल तर ट्यूब बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञ किंवा सर्जनकडून तपासणी करून घ्यावी.